तुम्ही विचारलंत म्हणून: एवढा आटापिटा कशाला?

"त्याला त्रासच होतो तर म्युझियमला नेता कशाला?" सोसायटीतल्या काकूंपासून सख्ख्या मेव्हण्यापर्यंत सगळ्यांनी माझ्या पोराबद्दल विचारून झालंय. त्याला ऑटिझम आहे, मोठे आवाज सहन होत नाहीत. चांगल्या मनानं विचारतात, मान्य. मी दरवेळी "असंच, बदल म्हणून" म्हणतो आणि घरी येऊन चिडचिड करतो, म्हणून आता एकदाच लिहून टाकतो.

नेतो, कारण त्याला दगड आवडतात. गोदाकाठी गेला की खिसे भरून आणतो, खिडकीत रंगाप्रमाणे लावतो, पुसताना आईकडून एक जरी हलला तरी त्याला कळतं. आणि इथे सिन्नरला गारगोटी म्युझियम आहे, आपल्याच काळ्या कातळाच्या पोकळ्यांत तयार झालेली खनिजं, म्हणजे स्टिल्बाइट, हिरवट अपोफिलाइट, पुण्याजवळच्या वाघोलीच्या खाणींतला निळाशार कॅवनसाइट. 30 किलोमीटरवर हे असताना 14 वर्षांच्या पोराला घरी बसवू का?

आता आटापिट्याचं. आधी फोन करून विचारायचं, त्या दिवशी शाळेची सहल नाही ना. मधला वार, सकाळी उघडल्या उघडल्या. त्याच्याआधी मी एकटा जाऊन येतो, गेट, तिकीट खिडकी, जिना, बाथरूम, सगळ्याचे विचारून फोटो काढतो (बाथरूममध्ये हात वाळवायचं मशीन असेल तर प्लॅनच बदलतो, त्या आवाजाला तो जाम घाबरतो). मग बायको फोटो ओळीनं भिंतीवर लावते, आधी गाडी, मग गेट, मग निळा दगड, मग घरी वरणभात. थेरपिस्ट याला सोशल स्टोरी म्हणतात. कानाला कंपनीत प्रेस शॉपला वापरतो तसले इअरमफ. चाळीस मिनिटं झाली की बाहेर, मजा येत असली तरी.

हे सगळं मला आधीपासून सुचत होतं असं समजू नका. सहा वर्षांपूर्वी दुसऱ्या एका म्युझियममध्ये, नाव नको, रविवारी नेलं होतं. इअरमफ मुद्दाम गाडीत ठेवले, म्हणलं सवय होईल. खरं म्हणजे लोक बघतात म्हणून ठेवले. घुमणारा हॉल, सहलीची पोरं, कुणीतरी मूर्तीला हात लावला म्हणून गार्डनं शिट्टी मारली आणि याचे हात कानावर गेले. मी ते खाली ओढले. "काही होत नाही, बघ बाकीची पोरं कशी बघतायत." परत कानावर, परत मी ओढले. तिसऱ्यांदा तो स्वतःच्या मनगटाला चावला आणि बाकाखाली जाऊन पडला. गार्ड म्हणाला, "साहेब, बाहेर घ्या याला." मी म्हणलं ऑटिझम आहे. तर म्हणे, "दिसायला तर चांगलाय." खिशात दिव्यांग कार्ड होतं, 2016 च्या कायद्यातल्या 21 प्रकारांत ऑटिझम आहे हेही पाठ होतं, पण काढलं नाही. गार्डची नाही, पोराची लाज वाटत होती मला. एक जण मोबाईलवर शूट करत होता. उचलून बाहेर आणला, एक सँडल आतच राहिली, ती आणायला गेलो नाही.

अजूनही मी डोक्यावरून हात फिरवायला गेलो की त्याचे हात आधी कानाकडे जातात. आईचा हात आला तर नाही जात.

तेव्हाचा मी म्हणायचो, जग काय याच्यासाठी शिट्टी बंद करणारे का? आता त्या जुन्या मीशी भांडतो, पण पूर्ण चूक नव्हता तो. आम्ही पंचवटीत राहतो. 2027 ला सिंहस्थ आहे, लाऊडस्पीकरवाल्यांना कुठला फोन करणार आहे मी? म्हणजे थोडी सवय लावायला हवी होती का? माहीत नाही. तशी नको होती एवढं नक्की.

मागच्या वेळी गारगोटीत तो एकाच काचेसमोर पंचवीस मिनिटं उभा होता. मेव्हण्यानं विचारलं, "त्याला त्यातलं काय कळलं?" तुम्हाला काय कळतं हो तिथं जाऊन? मलाही नाही कळत.

येत्या बुधवारचे फोटो भिंतीवर लागलेत. त्यातला निळ्या दगडाचा त्यानं काढून उशीखाली ठेवलाय, त्यामुळे सध्या तरी गेटमधून थेट वरणभात असाच प्लॅन दिसतोय.