धर्मशिक्षणाचा वर्ग, कानातलं बायबल आणि मुलांच्या आज्या: माझा अनुभव

आमच्या वसईत रविवारची मिस्सा (चर्चमधली उपासना) सुटली की धर्मशिक्षणाचे वर्ग भरतात. शिकवणारे आम्ही सगळे नोकरीधंदा सांभाळून येणारे, कोणी शाळेत टीचर, कोणी बँकेत, मी अंधेरीला ऑफिसात. फादरांनी माझ्याकडे दृढीकरणाची (कन्फर्मेशन, बाप्तिस्म्यानंतरचा श्रद्धा दृढ करणारा संस्कार) बॅच दिली, म्हणजे नववी-दहावीची मुलं, म्हणजे प्रश्न विचारणारी मुलं. बायबलच्या पहिल्या पुस्तकात, उत्पत्तीत, पहिल्या अध्यायात माणूस सगळ्यात शेवटी निर्माण होतो आणि दुसऱ्यात झाडांच्याही आधी, असं कसं टीचर? मेलेल्यांसाठी आपण मिस्सा का सांगतो, माझा प्रोटेस्टंट मित्र म्हणतो बायबलमध्ये असलं काही नाहीच? माझं बायबल म्हणजे रविवारची वाचनं आणि ऑक्टोबरातली घरातली रोझरी (माळेची प्रार्थना), त्यामुळे अशा प्रश्नांना मी "पुढच्या वेळी सांगते" म्हणायचे आणि पुढच्या वेळी मुलं विसरलेली नसायची.

प्रार्थना गटातल्या एकीने तेव्हा 'बायबल इन अ इयर' या पॉडकास्टची लिंक पाठवली. अमेरिकेतले फादर माइक श्मिट्झ, मिनेसोटातल्या डुलुथ धर्मप्रांताचे (धर्मप्रांत म्हणजे एका बिशपच्या अखत्यारीतला भाग), असेन्शन नावाच्या कॅथलिक प्रकाशन संस्थेसाठी त्यांनी 1 जानेवारी 2021 ला हे सुरू केलं, रोज एक असे 365 भाग, साधारण वीस-पंचवीस मिनिटांचे. ते तिकडच्या अॅपल पॉडकास्टच्या यादीत सगळ्यात वर गेलं होतं, सगळ्या विषयांमध्ये, हे कळल्यावर मला जरा गंमत वाटली, लेवीयसारखं नियमांचं पुस्तक ऐकायला एवढी गर्दी!

वसई रोड ते अंधेरी हा प्रवास एका भागाला सहज पुरतो, बसायला जागा मिळो न मिळो, इअरफोन लावायला जागा लागत नाही. पण खरी मजा त्याच्या मांडणीत आहे. बायबल पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत सरळ वाचत नाहीत ते. बायबल शिकवणाऱ्या जेफ कॅव्हिन्सने आखलेल्या क्रमाने जातात, ज्यात गोष्ट पुढे नेणारी चौदा पुस्तकं कण्यासारखी ठेवलीत आणि बाकीची त्या त्या काळाच्या बाजूला लावलीत, म्हणजे राजांचा इतिहास चालू असताना त्याच काळातला संदेष्टा, आणि शेवटी बहुतेक वेळा एखादं स्तोत्र किंवा नीतिसूत्र. मग प्रार्थना आणि थोडं स्पष्टीकरण. जुना करार लांबत चालला की माणूस कंटाळतो हे ओळखून मध्येच शुभवर्तमान, म्हणजे येशूच्या जीवनाचं पुस्तक, घातलंय, शास्त्यांचा (राजांच्या आधीच्या पुढाऱ्यांचा) काळ संपला की योहानाचं, पुढे मार्कचं. उत्पत्तीच्या दोन अध्यायांचं उत्तर मला पहिल्याच आठवड्यात मिळालं, की ही दोन वर्णनं वेगवेगळ्या प्रश्नांना उत्तर देतात, एक सृष्टीची व्यवस्था सांगतं आणि दुसरं देव-माणसाचं नातं, वर्तमानपत्रातल्या बातमीसारखं ते वाचायचंच नसतं.

लेवीय आणि गणना ही पुस्तकं मात्र जड जातात, खोटं कशाला बोलू. त्वचारोगाचे नियम, वंशावळ्या, कुठल्या वंशाने तंबूच्या कुठल्या बाजूला तळ द्यायचा, सकाळच्या विरार लोकलमध्ये उभं राहून हे ऐकताना डोळे मिटायला लागतात. मी तेवढं एक पॉइंट दोन पाचच्या स्पीडने ऐकलं, राहिलेले भाग रविवारी स्वयंपाक करताना. ज्यांना सुरू करायचंय त्यांना माझं हेच सांगणं की राहिलेले भाग भरून काढायच्या नादात सोडून देऊ नका, आजचा भाग आज ऐका आणि पुढे चला.

सगळ्यात जास्त मला मिळालं ते मक्काबीच्या पुस्तकांतून. आपल्या कॅथलिक बायबलात 73 पुस्तकं, जुन्या करारात 46, आणि मक्काबी त्यातलंच, प्रोटेस्टंट लोकांच्या छापील बायबलात ते बहुतेक नसतं. दुसऱ्या मक्काबीच्या बाराव्या अध्यायात यहूदा मक्काबी लढाईत पडलेल्या आपल्या माणसांसाठी वर्गणी गोळा करून यरुशलेमला पापार्पणासाठी (पापांच्या क्षमेसाठीच्या बलीसाठी) पाठवतो, त्यांच्या पुनरुत्थानाची आशा धरून. म्हणजे तो मित्र त्याच्या बायबलापुरता बरोबर होता आणि आपणही बरोबर! 2 नोव्हेंबरला, मृतांच्या स्मरणदिनी, आपण दफनभूमीत जाऊन कबरी साफ करतो, फुलं घालतो, मेणबत्त्या लावतो, त्याच्या मागे एवढी जुनी गोष्ट आहे हे मी इतकी वर्षं मेणबत्त्या लावूनही ऐकलेलं नव्हतं. वर्गात सांगितलं तेव्हा पहिल्यांदा मागच्या बाकावरची मुलंसुद्धा गप्प बसून ऐकत होती.

2023 पासून त्याच फादरांचं 'कॅटेकिझम इन अ इयर' आलं. कॅटेकिझम म्हणजे चर्चच्या शिकवणुकीचं अधिकृत पुस्तक, त्याचे एकूण 2865 परिच्छेद आहेत, श्रद्धा, संस्कार, ख्रिस्ती जीवन, प्रार्थना अशा चार भागांत. ते मी ओळीने ऐकलं नाही. वर्ग घ्यायचा म्हणून दृढीकरणाचं तेवढं, 1285 ते 1321, पुन्हा पुन्हा ऐकलं, आणि पुस्तक समोर ठेवून ऐकलं. बायबल नुसतं कानाने चालतं, कॅटेकिझमला पान लागतं असं माझं मत.

आता मुलांचं. मी उत्साहाने वर्गाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर लिंक टाकली आणि कोणी ऐकलं नाही. एकाने ऐकलं तर डबल स्पीडने, आणि त्याला आठवत होतं ते फक्त फादरांचं हसणं. मुलं इंग्लिश मीडियमची आहेत, भाषेची अडचण नाही, पण मिस्सा मराठी, 'हे आमच्या स्वर्गातील पित्या' मराठी, आजी-आजोबांशी कादोडी (वसईतली आमची बोली), धर्म म्हणून जे काही कानावर पडलंय ते सगळं या आवाजात, आणि त्यात हा अमेरिकन माणूस भराभर बोलतोय. वर वीस मिनिटं. त्या फोनवर इन्स्टाग्राम पण आहे हे विसरून चालत नाही.

मग आपणच छोटं काहीतरी करून बघू असं ठरलं. फादरांची परवानगी घेतली, त्यांची एकच अट, रेकॉर्ड करायच्या आधी लिहिलेलं मला दाखवायचं. आणि छापील बायबलाचे मोठे उतारे वाचायचे तर भाषांतराच्या हक्कांचं बघावं लागतं, म्हणून गोष्ट स्वतःच्या शब्दांत सांगायची आणि अध्याय-ओवी सांगून मुलांना घरच्या बायबलात उघडायला लावायची. हा नाइलाज फारच उपयोगी पडला, कारण निदान बायबल कपाटातून बाहेर आलं.

रेकॉर्डिंग फोनवरच. साड्यांचं कपाट उघडायचं आणि त्यात तोंड घालून बोलायचं, कपडे आवाज शोषून घेतात, घुमत नाही. बाहेर वाडीतला पंप चालू असेल तर थांबायचं, पावसाळ्यात बेडकांना काही सांगता येत नाही. सहा-सात मिनिटं, त्यात एक गोष्ट, कॅटेकिझममधला एक मुद्दा, आणि शेवटी एक प्रश्न, जो घरातल्या मोठ्या माणसाला विचारून यायचा. गूगलवर मिळेल असा प्रश्न अजिबात ठेवायचा नाही.

पहिला चालला तो संत गोन्सालो गार्सियांचा भाग. मुलांना त्यांच्या नावाचं कॉलेज माहीत, माणूस माहीत नाही. वसईत जन्मलेला मुलगा, वडील पोर्तुगीज, आई इथली, जेझुइट संघाच्या धर्मगुरूंकडे शिकला, जपानात व्यापार केला, जपानी बोलायला शिकला, मग मनिलात फ्रान्सिस्कन संघाचा ब्रदर झाला आणि ती भाषा येते म्हणून दुभाष्या होऊन परत जपानात गेला. 5 फेब्रुवारी 1597 ला नागासाकीत 26 जणांना क्रुसावर चढवलं त्यात तो होता, 1862 ला संत जाहीर झाला. आपल्या गावचा मुलगा व्यापार सोडून मरायला गेला कशाला यावर वर्गात तासभर वाद झाला, आणि एका मुलीचं म्हणणं होतं की तो मरायला गेलाच नव्हता, कामाला गेला होता. मला त्यात भर घालावीशी वाटली नाही.

पण खरा फरक पडला तो दृढीकरणाच्या भागानंतर. प्रश्न होता, तुमचं दृढीकरण कसं झालं? एका मुलाने आजीचं उत्तर चक्क व्हॉइस नोट करून पाठवलं. आजी सांगत होती की तेव्हा आपला वेगळा धर्मप्रांत नव्हता, तो 1998 ला झाला, बिशप मुंबईहून यायचे, पोरं रांगेत उभी, आणि कपाळाला तेल लावलं की बिशप गालावर हलकी चापट मारायचे. "मला वाटला जोरात लागल, म्हणून मी आधीच डोळे मिटले," आजी म्हणाली आणि हसली. ती चापट 1971 च्या नव्या विधीत राहिली नाही, ख्रिस्तासाठी सोसायची तयारी हवी असा तिचा अर्थ लावत. मी घरच्यांना विचारून ती नोट पुढच्या भागात घातली आणि ग्रुपवर जो दंगा झाला, माझ्या आजीला पण विचारतो, माझे आजोबा पण सांगतात! तिथून माझं बोलणं कमी होत गेलं, दोन मिनिटं मी आणि चार मिनिटं कोणाची तरी आजी.

हे स्पॉटिफायवर टाका म्हणून पुष्कळांनी सांगितलं. टाकलं नाही आणि टाकणारही नाही, मुलांचे आवाज आणि घरातल्या गोष्टी त्यात आहेत, त्या वर्गाच्या ग्रुपपुरत्याच बऱ्या. ज्यांना नुसतं ऐकायचंय त्यांनी एवढं बघावं की बोलणारा कोण आहे, कुठल्या धर्मप्रांताचा किंवा संघाचा आहे, कारण यूट्यूबवर कॅथलिक नावाखाली जगाचा अंत आणि गुप्त दर्शनं विकणारे पण खूप आहेत, आणि त्यांचे आवाज जास्त मोठे असतात.

सध्या आगमनकाळाचे, म्हणजे नाताळच्या आधीच्या आठवड्यांचे, भाग लिहितेय. फादरांनी पहिली स्क्रिप्ट परत पाठवलीय, येशूच्या आधी आलेल्या संदेष्ट्याबद्दल, योहान बाप्तिस्त्याबद्दल, फार लांबण लावलीय म्हणून. काढणारे, पण त्याच्या टोळ खाण्याची गोष्ट राहणार, मुलांना तीच आवडते.