सॅटमध्ये रात्री लघवीला का उठावं लागतं

सॅटमध्ये, म्हणजे सॅच्युरेशन डायव्हिंगला, जाण्याआधी थंडीबद्दल, श्वासाच्या वायूतल्या हेलियममुळे चिरकणाऱ्या आवाजाबद्दल सगळ्यांनी सांगितलं. रात्री सारखं लघवीला उठावं लागेल हे मात्र कोणी बोललं नाही.

मी अमळनेर तालुक्यातला, मुंबई हायच्या तेलक्षेत्रात डायव्हर. समुद्रतळाशी जेवढा दाब, तेवढाच जहाजावरच्या पोलादी चेंबरमध्ये ठेवतात आणि आम्ही आठवडेच्या आठवडे त्यातच राहतो. तिथे पाणी साधारण 75 मीटर खोल, म्हणजे दाब जमिनीवरच्या साडेआठपट. कामाला बेलमधून, म्हणजे डायव्हरना समुद्रात उतरवणाऱ्या बंद कुपीतून, खाली जायचं, परत चेंबरमध्ये यायचं.

ब्लोडाऊन झाला, म्हणजे चेंबरचा दाब कामाच्या खोलीइतका चढवला, आणि त्याच रात्रीपासून उठणं सुरू झालं. बरोबरचेही उठत होते. आत फ्लश करायचा तर बाहेरच्या एलएसटीला, म्हणजे चेंबर सांभाळणाऱ्या लाइफ सपोर्ट टेक्निशियनला, सांगावं लागतं. आतला व्हॉल्व्ह आपण उघडायचा, बाहेरचा त्याने. अपरात्री त्याला हाक मारायची म्हणून काही जण संध्याकाळनंतर पाणीच तोडतात. ते फार वाईट.

कारण मला पुढे डायव्हिंग मेडिसिनच्या डॉक्टरांकडून कळलं. पाण्यात उतरलं की पायांतलं रक्त छातीकडे ढकललं जातं, हृदयाचे कप्पे ताणले जातात. मेंदूला वाटतं अंगात पाणी जास्त झालं, म्हणून तो पाणी धरून ठेवणारं एडीएच हार्मोन कमी करतो आणि मूत्रपिंड पाणी सोडून देतं. पण चेंबर तर कोरडा, मग तिथे काय? हवाईत 1970 च्या दशकात ‘हाना काई 2’ प्रयोगात माणसं 17 दिवस 18.6 वातावरण दाबाच्या कोरड्या चेंबरमध्ये राहिली, त्यांचीही लघवी वाढली, रात्रीची विशेष. दाबाखाली त्वचेतून आणि श्वासातून बाष्प कमी जातं, एडीएचही उतरतं. दुसरीकडे अल्डोस्टेरॉन वाढतं. ते मीठ धरून ठेवायला बघतं आणि पोटॅशियम बाहेर टाकतं. एवढं पाणी जाऊनही तहान त्या मानाने लागत नाही, हीच खरी फसगत.

आमच्याकडे मे महिन्यात पारा 45 च्या घरात असतो. मळ्यात कितीही पाणी प्या, सगळं घामावाटे जातं, लघवी जेमतेम. त्या उन्हात वाढलेल्या आईला हे कसं समजावणार? सुट्टीत विषय निघाला तेव्हा तिने चुलीपुढूनच विचारलं, “तुले शुगर शे का रे भाऊ?” तिचा चेहरा एवढासा झाला होता. साखरेचा रिपोर्ट समोर ठेवला तेव्हा कुठे तिने ताट वाढायला घेतलं.

आता मी ठरवूनच पाणी पितो. बेलमध्ये उतरताना बाटली सोबत असते. मेडलॉकमधून, म्हणजे वस्तू आतबाहेर द्यायच्या दुहेरी दाराच्या खिडकीतून, जेवण आत येतं तेव्हा केळी मागून घेतो, पोटॅशियमसाठी. डीकोला, म्हणजे दाब हळूहळू उतरवायला, 30 मीटरमागे साधारण एक दिवस आणि वर आणखी एक दिवस धरतात. तेव्हा तर पाणी कमी पडूच देत नाही. शरीर कोरडं पडलं की रक्ताभिसरण मंदावतं आणि पेशींत मुरलेला वायू नीट बाहेर पडत नाही.

नव्याने सॅटला जाणाऱ्या पोरांनो, झोपमोड होते म्हणून पाणी तोडू नका. एलएसटी रात्रभर जागाच असतो, त्याला बिनधास्त हाक मारा.