गंज चढवताना

एप्रिलमधली दुपार. या वेळी परभणीत रस्त्यावर कुत्रंसुद्धा दिसत नाही. मी माझ्या बंदूक-दुरुस्तीच्या दुकानाचं शटर अर्धं ओढून लवंडलो होतो, तेवढ्यात जिंतूरकडचे एक पाटील गोधडीत गुंडाळलेलं काहीतरी खांद्यावर टाकून आत वाकले. आधी परवाना काढून माझ्यासमोर ठेवला, मग गोधडी सोडली. आज्याची दुनळी, १२ बोअर. आज्या गेला, वडील गेले, परवाना नातवाच्या नावावर होईस्तोवर बंदूक जमा होती. हातात आली तेव्हा नळ्यांवर लाल पोपडे धरलेले.

"मामा, जरा घरीच घासून बघितली," पाटील खाली बघत म्हणाले.

जरा म्हणजे ड्रिलला तारेचा ब्रश लावून, आणि वर ८० नंबरचा पॉलिश पेपर. भिंत घासायचा. उजव्या नळीवर खोल ओरखडे, डावी अर्धी राहिलेली. बहुतेक लाईट गेली असावी.

मला ओरखड्यांचं काही नव्हतं, पोटात गोळा आला तो नंबरासाठी. शस्त्र कायदा १९५९ चा, आणि बंदुकीवरचा नंबर किंवा खूण खोडायची नाही हे त्यातल्या ८ व्या कलमात स्पष्ट लिहिलेलं आहे. गंज काढताना गेला म्हणून सांगाल, पण ऐकणार कोण? पुढचं लाकूड उतरवलं, नळ्या उलट्या केल्या. नंबर होता. पाटलांचा पेपर लाकडाखाली पोचला नव्हता. तिथंच गंजाखाली एक लंबगोल शिक्काही होता, त्यात बारीक इंग्रजी अक्षरं, ईएलजी. म्हणजे बेल्जियममधल्या लिएज शहरात तपासून निघालेली बंदूक. पाटलांना त्याचं काही विशेष वाटलं नाही. रझाकाराच्या वेळेला आज्यानं ही पेवात लपवली होती, असं ते सांगू लागले. जुनी बंदूक आणणारा प्रत्येक तिसरा माणूस मला हेच सांगतो, पण हिचा गंज बघून पेवावर माझा विश्वास बसला.

"काळीभोर करून द्या, नव्यावानी."

नव्या रायफलीला लोक कॉस्टिकच्या उकळत्या टाकीत बुडवतात, अर्ध्या तासात काळी. दुनळीला ते चालत नाही. तिच्या दोन नळ्या आणि मधली पट्टी कथील-शिशाच्या डाकानं जोडलेली असते आणि कॉस्टिक तो डाक खातं. बाहेरून बंदूक झकास दिसते, महिन्याभरात पट्टी उचलते. म्हणून दुनळीला जुनीच रीत. नळ्या घासून गुळगुळीत करायच्या, तेलाचा अंश राहू द्यायचा नाही, दोन्ही तोंडांना लाकडी बूच ठोकायचे आणि मग औषध लावून तिला मुद्दाम गंज चढवायचा. लाल गंज चढला की नळ्या पाण्यात उकळायच्या. त्याच लाल गंजाचा काळा होतो, मखमलीसारखा. तो बारीक स्टील वूलनं हलकेच पुसला की खाली करड्या रंगाचा एक पापुद्रा राहतो. असं सहा-सात वेळा. नळीला उघडा हात एकदा जरी लागला तरी बोटांचे ठसे कायमचे उमटतात.

पण एप्रिलमध्ये मराठवाड्यात गंज चढवणं म्हणजे तव्यावर बी पेरणं. औषध लावून नळ्या रात्रभर पेटीत टांगल्या, सकाळी बघतो तर जशाच्या तशा. मग पेटीला आतून ओली पोती लावली, खाली पाण्याची परात ठेवली. बायको वरून बघत होती. "लोक गंज काढायला पैसे देतात अन् तुम्ही गंजाला पाणी घालताय."

उकळायला पाणी बॅटरीवाल्याकडचं, डिस्टिल्ड. सुरुवातीच्या वर्षांत मी एकदा बोअरवेलचं वापरलं होतं. इतके क्षार, की नळी उकळून निघाली ती पांढऱ्या ठिपक्यांची. सगळं काम पहिल्यापासून. अण्णा, म्हणजे माझे वडील, तेव्हा एक शब्द बोलले नाहीत, फक्त कॅन आणून समोर ठेवला.

तिसऱ्या हाताला, सकाळी, मी डावी नळी पुसत होतो. करडा रंग यायला हवा होता. त्याऐवजी रेघा दिसायला लागल्या. आधी वाटलं, पाटलांचेच ओरखडे. चष्मा पुसला, नळ्या दारातल्या उन्हात धरल्या. ओढ्याचं पाणी ओसरल्यावर ओल्या वाळूत राहतात तशा बारीक लाटा, पण नळीभोवती पीळ घेत तोंडापर्यंत गेलेल्या. दोन्ही नळ्यांवर.

दमास्कस नळी. लोखंड आणि पोलादाच्या पट्ट्या एकत्र तापवून पिळायच्या, तो पीळ सळईभोवती गुंडाळायचा आणि ठोकून ठोकून सांधायचा, अशा या नळ्या करत. लोखंडावर आणि पोलादावर गंज सारखा चढत नाही, म्हणून नक्षी वर आली. लिएजच्या आसपास घरोघर हे काम चालायचं. १९१४ ला जर्मनांनी लिएज घेतलं, त्यानंतर ते जवळपास आटोपलंच. अण्णांच्या हाताखाली अशी एकच नळी पाहिली होती. चहा आला, गार झाला, मी तिथंच.

मग डोकं ठिकाणावर आलं आणि बूच काढून आत विजेरी मारली. अशी नळी मुळात काळ्या दारूच्या काडतुसासाठी. आजच्या बिनधुराच्या काडतुसाचा दाब वेगळा. त्यात ती म्हणजे शेकडो सांध्यांची वळकटी, आणि गंज त्या सांध्यांतून आत कुठवर शिरलाय ते बाहेरून कळत नाही. डाव्या नळीत, काडतुसाच्या घरापासून वीतभर पुढं, एक खड्डा होता. तारेचं टोक आत घालून चाचपलं, तर टोक अडकलं.

काम मी पूर्ण केलं. काळी केली नाही, नक्षी राहू दिली. दस्त्याला जवसाचं तेल चढवलं आणि तेलाचे बोळे तारेवर पसरून वाळत घातले. चुरगळून कोपऱ्यात टाकले तर ते आपोआप पेटतात, माझं एक खोकं तसंच गेलंय.

पाटील आले, नळ्यांवर हात फिरवत राहिले. "आज्याला पण ठाऊक नसंल हे."

"पाटील, हिच्यात आता काडतूस घालायचं नाही. एकसुद्धा नाही. परवाना चालू ठेवा, खंडेनवमीला पूजा करा." मी खड्डा कुठं आहे ते बोट ठेवून दाखवलं.

पाटील बराच वेळ बोलले नाहीत.

"मामा, तुमच्याकडं आणायच्या आदल्या रातीला दोन बार काढलेत की हिनं. भुईमुगात डुकरं शिरली होती."

मी काही न बोलता बंदूक त्यांच्या हातात दिली आणि म्हणालो, धरून दाखवा. त्यांनी खांद्याला लावली. डाव्या हाताचा पंजा बरोबर त्या खड्ड्याखाली आला.