वडा, वन्समोअर आणि रांग

भाचीचा दुपारी मेसेज आला. नागपूरहून तिच्या मैत्रिणी येताहेत. मुंबईत रात्री कुठे जायचं याची यादी तिने केली होती आणि वर ‘मावशी, तू एकदा नजर टाक’ असा मानही दिला होता. यादी नीटनेटकी: पृथ्वी, एनसीपीए, ऑपेरा हाउस ही नाट्यगृहं, खारला स्टँडअपचा एक अड्डा, लोअर परळला बँड वाजतो असे दोन पब. मी विचारलं, ‘आणि शिवाजी मंदिर?’ उत्तर आलं, ‘अगं मावशी, नाइटलाइफ!’ पुढे कपाळावर हात मारलेली एक पिवळी बाई.

नाइटलाइफ म्हणे. रात्रीचा प्रयोग सुटल्यावर दादरच्या फलाटावर उभं राहून नाटकाची चिरफाड करणारी माणसं मग काय करत होती? दादरचं शिवाजी मंदिर नाट्यगृह 1965 पासून लोकांना रात्री जागवतंय. आणि त्याही आधी संगीत नाटकं पहाटेपर्यंत चालत, तेव्हा तर चोवीस तास शहर वगैरेची कुणी घोषणाही केली नव्हती. 2020 च्या जानेवारीत सरकारने बिगरनिवासी भागातल्या मॉल-हॉटेलांना रात्रभर उघडं राहायची मुभा दिली खरी. लोकल मात्र एकच्या सुमारास झोपते ती चारच्या आसपास उठते, तिला कोण सांगणार!

माझं एक खूळ आहे. कुठलीही जागा मी तिच्या मध्यंतरावरून जोखते. नट कोण, आवाज कसा, खुर्च्या कशा, ते सगळं नंतर.

याला जबाबदार बाबा. ते तिकीट काढताना कडेची खुर्ची मागून घेत. पहिला अंक संपत आला हे त्यांना कसं कळे देव जाणे. पात्रं घसा ताणून बोलायला लागली, की ते काळोखात पायाने चपला चाचपत. पडदा जमिनीला टेकायच्या आत आम्ही दाराशी. कढईतून नुकता निघालेला वडा, कागदावर पसरत जाणारा तेलाचा डाग, मीठ लावलेली तळलेली मिरची. काउंटरवरचा माणूस वर न बघता प्लेट सरकवायचा, न बघताच सुटे परत करायचा. जीभ भाजायचीच. तोंडातली वाफ फू फू करून बाहेर सोडत बाबा शेजारच्या अनोळखी गृहस्थांना विचारत, ‘काय हो, सासरा जरा जास्त करतोय ना?’ आणि ते गृहस्थही, जणू याच प्रश्नाची वाट बघत असल्यासारखे, सुरू होत. तिसऱ्या घंटेपर्यंत दोघांनी मिळून दुसरा अंक लिहून टाकलेला असायचा. नाटककाराच्या दुसऱ्या अंकापेक्षा बरा, असं बाबांचं मत.

गिरगावात केळेवाडीत साहित्य संघाच्या नाट्यगृहात गेलं, की हा मामला वेगळाच. तिथे संगीत नाटकाला येणारे म्हातारे मध्यंतराची वाट बघतच नसत. नाट्यपद रंगलं की ‘वन्समोअर!’ झालं मध्यंतर. आणि तीन अंकी नाटकाला तर दोन-दोन मध्यंतरं असायची. आता नाटकं दोन अंकी झाली, त्यामुळे एकच वडा.

पृथ्वीचं मध्यंतर माझ्या मते नाटकाच्या आधीच होऊन जातं. 1978 सालचं हे जेमतेम दोनशे खुर्च्यांचं नाट्यगृह. तीन बाजूंना प्रेक्षक, नटाच्या कपाळावरचा घाम मोजता यावा इतकं जवळ. उशीर झाला तर आत सोडत नाहीत, कुणाचे का कोण असेना. म्हणून सगळे तासभर आधी येऊन कॅफेत सुलेमानी चहा घेत गप्पा छाटतात. ऑपेरा हाउसला, चर्नी रोडजवळ, 1911 साली पंचम जॉर्जने उद्घाटन केलेल्या आणि कितीतरी वर्षं बंद राहून 2016 मध्ये पुन्हा उघडलेल्या त्या सोनेरी दिवाणखान्यात, लोक मध्यंतरात माना वर करून छत बघतात. वड्याची आठवण काढायचाही संकोच वाटतो.

लोअर परळला पुतण्याने एकदा ब्लू फ्रॉग नावाच्या पबला नेलं होतं. मथुरादास मिलच्या आवारातली ती जागा 2007 ला सुरू होऊन 2016 ला बंदही पडली. गाणं उत्तम, आवाजाची यंत्रणा तर अप्रतिम. पण सगळं जागेवर आणून देत होते! बँड थांबला तरी कुणी उठेना. शेजारच्या टेबलावरच्या मुलीला गाणं आवडलं की नाही, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही. स्टँडअपलाही तेच. ऐन विनोदाच्या तोंडावर वेटर वाकून विचारतो, ‘फ्राइज कुणाचे?’ हशा पिकतो तो त्यालाच.

मी हे सगळं भाचीला ऐकवलं. तिने शांतपणे विचारलं, ‘आणि आजीचं काय मत होतं वड्याबद्दल?’

आजीचं, म्हणजे माझ्या आईचं. आईला मी मध्यंतरात वडा खाताना पाहिलेलंच नाही. ती रांगेत असायची, बायकांच्या. नाव घेत नाही, पण एका नाट्यगृहात एवढ्या बायकांसाठी दोन दारं, त्यातल्या एकाची कडी तुटलेली, आत पाण्याचं डबकं. साडी वर धरून एकीने आत जायचं, दुसरीने बाहेरून दार धरायचं. नाटकाच्या दिवशी दुपारच्या जेवणानंतर आई पाणी प्यायचीच नाही. तरीही कितीतरी दुसरे अंक तिने मधूनच बघितले, कारण तिसरी घंटा झाली तेव्हा तिच्यापुढे अजून चार जणी होत्या. मग बाबा काळोखात तिच्या कानाशी सुटलेला भाग सांगत, आणि पुढच्या रांगेतून कुणीतरी ‘श्श’ करी.

त्या पबमधलं स्वच्छतागृह मात्र चकचकीत होतं. आरसा, साबण, कोरडी फरशी. आई तिथे आली असती तर पाणी मागून प्यायली असती.