नानुमेआवर पावसाच्या पाण्याच्या टाक्या: पुढे जाणाऱ्या गटांसाठी

प्रशांत महासागरातल्या तुवालू देशाच्या नऊ बेटांवर नदी नाही, ओढा नाही. विहिरींचे पाणी बहुतेक मचूळ, त्यामुळे प्यायला पावसाचेच. २०११मध्ये पाऊस रुसला तेव्हा २८ सप्टेंबरला आणीबाणी जाहीर झाली आणि राजधानी फुनाफुतीत घरटी दिवसाला ४० लिटर, म्हणजे दोन बादल्या पाणी मिळू लागले. टाक्या हव्यात, यात शंकाच नाही. पण टाकी बेटावर पोचली म्हणजे काम झाले असे समजणारे गट निघून गेल्यावर पन्हळ निखळते आणि टाकी कोरडी राहते. म्हणून हा वृत्तांत टाकीपेक्षा बाकीच्याच गोष्टींचा आहे.

फिजीहून फुनाफुतीपर्यंत विमान आहे, पण ते लहान. सामानाचे वजन काटेकोर मोजतात. अवजारेही मालवाहू जहाजानेच पाठवा, निदान तीन महिने आधी. फुनाफुतीहून उत्तर टोकाच्या नानुमेआला जायला सरकारी जहाजच. वाटेत इतर बेटे घेत ते जाते आणि रुग्ण आणायचा असेल तर वेळापत्रक बदलते. तसे ते बदललेच पाहिजे. वाइतुपूवरच्या मोतुफोआ शाळेचे सत्र सुरू होताना किंवा संपताना जहाज मुलांनी भरलेले असते. ते दिवस टाळा आणि परतीच्या विमानापूर्वी दोन आठवडे मोकळे ठेवा. मे ते ऑक्टोबर हा काळ बरा. नंतर पश्चिमेचे वारे सुरू झाले की माल उतरवणे धोक्याचे होते.

जहाज प्रवाळकड्याबाहेर थांबते. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकनांनी सुरुंगाने फोडलेल्या वाटेतून लहान होडी खाजणात शिरते. दहा हजार लिटरची रिकामी टाकी होडीत मावत नाही. झाकण व सगळी तोंडे घट्ट बंद करून, दोर बांधून, भरतीच्या वेळी ती तरंगतच ओढून न्यायची. सिमेंटच्या गोण्यांना मात्र प्रत्येकी दोन प्लास्टिकची आवरणे घाला.

भरलेल्या टाकीचे वजन दहा टनांच्या वर जाते, म्हणून जोते नीट हवे. ३ मीटर बाय ३ मीटर, १० सेंटिमीटर जाड काँक्रीट म्हणजे ०.९ घनमीटर, ४० किलोच्या आठ गोण्या लागतात, दहा न्या. इथली वाळू खारट असल्याने आतले लोखंड गंजून काँक्रीट फुटते. लोखंडाऐवजी पॉलिप्रॉपिलीनचे तंतू मिसळा. किनाऱ्यावरची वाळू आणि खडी परवानगीशिवाय उचलू नका, किनारा आधीच झिजतो आहे. आणि कालवायला लागणारे दीडशे-पावणेदोनशे लिटर गोडे पाणी लोकांच्या पिण्यातूनच जाते, शिवाय सात दिवस ओल राखायची. पाणी कमी असेल तर काँक्रीटऐवजी कडेने लाकडी चौकट करून प्रवाळाची बारीक खडी ठोकून बसवा. तोटीखाली बादली मावेल इतकी उंची दोन्ही प्रकारांत ठेवा.

आता पन्हळ. ६० चौरस मीटर पत्र्यावर १० मिलिमीटर पाऊस पडला तर ६०० लिटर होतात, त्यातले ४८० टाकीत येतील असे धरा. पन्हळ दोनशेला एक उतारावर, ब्रॅकेट दर अर्ध्या मीटरवर. ब्रॅकेट ज्या फळीवर बसतात ती जुनी असेल तर आधी बदला. कुजलेल्या लाकडात उत्तम स्क्रूही टिकत नाही. लाकडात ३१६ प्रतीचे स्टेनलेस स्क्रू वापरा, पण झिंक-ॲल्युमिनियमच्या पत्र्यात तेच स्क्रू घातले तर खाऱ्या हवेत पत्रा भोकाभोवती खाल्ला जातो. पत्र्याला त्याच लेपाचे, रबरी वॉशरवाले स्क्रू.

पावसाचे पहिले पाणी छपरावरची पक्ष्यांची विष्ठा आणि पाचोळा घेऊन येते, ते टाकीत जाता कामा नये. ते टाकीआधी भिंतीलगतच्या उभ्या, खालून बंद पाइपात अडवायचे; तो भरला की पुढचे पाणी टाकीत जाते. अर्ध्या मिलिमीटरला या छपराचे ३० लिटर होतात. १०० मिमीच्या पाइपने ते साठवायला जवळजवळ चार मीटर लांबी लागते आणि भिंत तेवढी उंच नसते. १५० मिमीचा पाइप १.७ मीटरमध्ये काम भागवतो. अडवलेले पाणी निथळून जाण्याचे खालच्या झाकणाचे भोक तुंबतेच, म्हणून हाताने फिरणारे झाकण बसवा. टाकीच्या प्रत्येक तोंडाला बारीक जाळी लावा, नाहीतर डेंग्यूचे डास होतील. ओसंडणारे पाणी जोत्यापासून लांब सोडा; खालची वाळू वाहून गेली की टाकी कलते. रिकामी टाकी वादळात उडते, तेव्हा पहिला पाऊस येईपर्यंत ती बांधून ठेवा.

हे सगळे ठरवण्याआधी काउपुलेशी, म्हणजे बेटाच्या परिषदेशी बोला. जमिनी कुटुंबांच्या सामाईक असतात; टाकी कोणाच्या जागेवर आणि पाणी कोणाला, हे सभेत ठरू द्या. रविवारी काम नाही. यजमान आपल्या वाट्याचेही पाहुण्यांपुढे ठेवतात, म्हणून गटाचे तांदूळ, डबाबंद मासे आणि पिण्याचे पाणी बरोबर न्या. रोख ऑस्ट्रेलियन डॉलर फुनाफुतीतच काढा. जुने कपडे वाटायला नेऊ नका. रिकाम्या गोण्या, प्लास्टिक आणि पाइपचे तुकडे त्याच जहाजाने परत आणा.

प्रत्येक पाच टाक्यांमागे एक पितळी तोटी, वीस ब्रॅकेट, जाळीचा तुकडा आणि पीव्हीसी पाइप चिकटवायच्या द्रावाचा डबा काउपुलेकडे ठेवा. द्राव गरमीत घट्ट होतो, तो दर वर्षी नवा पाठवण्याचे काम गटातल्या एका माणसाच्या नावावर लिहा.