‘पंजाब’ची चाके उतरवताना

गेली दोन वर्षे मी संध्याकाळचा मोकळा वेळ एकाच जहाजाला दिला आहे. मुंबईच्या गोदीत कर्सेटजी रुस्तमजी वाडिया यांच्या देखरेखीखाली सागवानात बांधलेली आणि १८५४ साली पाण्यात उतरलेली ‘पंजाब’ ही त्या काळच्या इंडियन नेव्हीची, म्हणजे ईस्ट इंडिया कंपनीच्या आरमाराची, युद्धनौका. तिच्यावर १० तोफा होत्या, तीन डोलकाठ्यांवर पूर्ण शिडे होती आणि दोन्ही बगलांना वाफेवर फिरणारी प्रचंड चाके होती. तिच्या जोडीची दुसरी नौका ‘असाये’, म्हणजे आपल्या जालना जिल्ह्यातले असई. १८०३ साली मराठे जिथे हरले त्या रणभूमीचे नाव मुंबईत बांधलेल्या जहाजाला दिलेले वाचताना मनाला लागते. मी मात्र मॉडेलसाठी ‘पंजाब’ निवडली, कारण तिचे आयुष्य त्या चाकांबरोबर संपले नाही.

विजयदुर्गच्या खाडीकाठी, माझ्या घराच्या माडीवर, संगणकावर ब्लेंडर या त्रिमितीय मॉडेल घडवण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये हे काम चालते. कण्यापासून सुरुवात करून मी एकेक फासळी उभी केली आणि मग फळ्या चढवल्या. मुंबईच्या गोदीत एका फळीची कड दुसऱ्या फळीच्या खाचेत घट्ट बसवण्याची पद्धत होती, आणि मॉडेलमध्ये ती कुणाला दिसणार नसली तरी मी ती तशीच ठेवली आहे. सागवानात नैसर्गिक तेल असते आणि ओकप्रमाणे ते लोखंडी खिळ्यांना खात नाही. त्यामुळे मुंबईची जहाजे दीर्घायुषी ठरली. १८१७ साली इथेच बांधलेली ‘त्रिंकोमाली’ इंग्लंडमध्ये हार्टलपूल येथे आजही पाण्यावर आहे, आणि आतल्या तुळया व सांधे समजून घेण्यासाठी मला तिच्याच छायाचित्रांचा सर्वांत मोठा आधार झाला.

सर्वांत जास्त दिवस चाकांनी घेतले. चाक नुसते गोल काढून भागत नाही, ते पाण्यात किती बुडते हे ठरवावे लागते. मॉडेलमध्ये कोळशाच्या कोठारांना वजन देऊन मी पाण्याची रेषा खालीवर करून पाहिली. बंदरातून निघताना कोठारे भरलेली असली की जहाज खोल बसते आणि चाकाच्या फळ्या इतक्या बुडतात की इंजिनाची शक्ती पाणी उपसण्यातच जाते. कोळसा जळत गेला की जहाज वर येते आणि त्याच फळ्या पाण्याला जेमतेम शिवतात. शिडे भरून जहाज एका अंगावर कलले म्हणजे तर एक चाक पाण्यात खोल रुतते आणि दुसरे हवेत फिरते. वाफ आणि शिडे एकमेकांना पूरक असतील अशी माझी समजूत होती, परंतु पडद्यावर जहाज दहा अंश कलवताच ती दोन्ही एकमेकांच्या आड येताना दिसली. शिवाय चाकांनी बगलेची मधली सगळी जागा अडवलेली, म्हणून एवढ्या मोठ्या जहाजावर तोफा इतक्या थोड्या, आणि शत्रूचा एक गोळा चाकावर बसला की जहाज लंगडे. अशा स्थितीतही या नौकांनी १८५६-५७ च्या इराण युद्धात काम केले, हे मला त्यांच्या खलाशांचे मोठेच कर्तृत्व वाटते.

नाळेकडचा, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकाचा, भाग मात्र काही केल्या मनासारखा येत नव्हता. आमच्या वाडीत मचवे बांधणारे एक वयस्क मिस्त्री आहेत. त्यांना मी एकदा घरी बोलावून मॉडेल दाखवले. काकांनी चष्मा कपाळावर चढवला, पडद्याच्या अगदी कडेला गाल नेला आणि एक डोळा मिटून, फळीवरून नजर फिरवावी तसे पाहत राहिले. मग बोट ठेवून म्हणाले, “झिला, हय पोट सुटलाहा. पट्टी लावन बघ.” फासळ्यांवर पातळ लवचीक पट्टी टेकवून वळण कुठे मोडते ते पाहण्याची ही त्यांची रोजची रीत. मी संगणकावर तशीच एक वक्ररेषा ओढली, आणि पाण्याच्या रेषेखाली तिसऱ्या फासळीवर जेमतेम चार बोटांचा फुगवटा निघाला.

तो काढल्यानंतर एके रात्री मी चाके, त्यांच्या पेट्या, धुराडे आणि बॉयलर हे सगळे थर बंद केले. इतिहासातही हेच घडले. १८६३ साली दोन्ही नौका इंग्लंडमध्ये विकल्या गेल्या. जॉन विलिस या जहाजमालकाने त्या घेतल्या, ‘पंजाब’ची इंजिने काढून टाकली आणि तिला ‘द ट्वीड’ या नावाने निव्वळ शिडाचे जहाज केले. १८६४ मध्ये इराणच्या आखातात तारायंत्राची केबल टाकण्याच्या कामावर ती होती, आणि पुढे तिच्या वेगाची ख्याती झाली. विलिसने नवे जहाज बांधायला घेतले तेव्हा हर्क्युलिस लिंटन या आराखडाकाराला त्याने ‘द ट्वीड’ दाखवली. ते जहाज म्हणजे १८६९ ची ‘कटी सार्क’, जी आज ग्रिनिचला पाहायला मिळते. थर बंद केल्यावर माझ्यासमोर उरलेली लांब, निमुळती नाळ पाहताना लिंटनने काय पाहिले असेल ते मला प्रथमच उमगले.

१८८८ मध्ये दक्षिण आफ्रिकेच्या अल्गोआ उपसागरात ‘द ट्वीड’ किनाऱ्याला लागून निकामी झाली, आणि तिच्या लाकडातून पोर्ट एलिझाबेथच्या एका चर्चचे छप्पर उभे राहिले. हे काकांना सांगितले तेव्हा त्यांनी विचारले, की पाणी वाहून जावे म्हणून डेकच्या तुळयांना जो बाक देतात, तो त्या छपरालाही आला असेल का. मी घरी येऊन मॉडेलमधल्या तुळया उघडल्या. वरच्या फळ्यांना मी बाक दिला होता, खालच्या तुळया मात्र सरळच राहिल्या होत्या. सध्या एकेक तुळई वाकवण्याचे काम चालू आहे.