नोंदवहीतला ड्रमंड

एडिनबरोत मी लोकांच्या घराण्यांची मुळे शोधून देण्याचा व्यवसाय करतो. माझे बहुतेक ग्राहक परदेशी असतात आणि आपण कुणातरी शूर सरदाराचे वंशज निघावे, अशी त्यांच्यातील अनेकांची मनोमन इच्छा असते. दोन वर्षांपूर्वी न्यूझीलंडहून आलेले एक निवृत्त शिक्षकही त्याला अपवाद नव्हते. आडनाव मॅकग्रेगर, गळ्यात त्याच कुळाच्या लाल-हिरव्या चौकटींचा टाय आणि मागणी एकच, की बाल्व्हिडर गावच्या रॉब रॉय मॅकग्रेगरपर्यंत, म्हणजे अठराव्या शतकातल्या त्या प्रसिद्ध स्कॉटिश बंडखोरापर्यंत, आपली वंशावळ जोडून द्यावी.

स्कॉटलंडमध्ये जन्म, विवाह आणि मृत्यू यांची सरकारी नोंद १ जानेवारी १८५५ पासून सुरू झाली. त्याआधीचा शोध चर्चच्या जुन्या नोंदवह्यांतून घ्यावा लागतो, आणि त्यांत एकेका पाद्र्याच्या अक्षराशी झुंजावे लागते. या गृहस्थांचे पूर्वज मला १७९४ च्या विवाहनोंदीत मॅकग्रेगर म्हणून सापडले, सोबत त्यांच्या शेतवाडीचे नावही होते. १८४१ च्या जनगणनेत त्यांचे वय सत्तर लिहिले होते. त्या जनगणनेत पंधरा वर्षांवरील व्यक्तींचे वय खालच्या पाचाच्या पटीत लिहीत असत. म्हणजे जन्म साधारण १७६६ ते १७७१ या काळातला. त्या वर्षांच्या बाप्तिस्म्याच्या नोंदी मी तीनदा चाळल्या, 'मॅक'ची सगळी चित्रविचित्र स्पेलिंगे धरून चाळल्या. पण या नावाचा मॅकग्रेगर मुलगा त्या परिसरात जन्मलाच नव्हता.

ग्राहक स्वतः माझ्या शेजारी बसलेले असताना हे घडत होते, हे मुद्दाम सांगायला हवे. जेवणाची वेळ टळून गेली, तरी ते उठायला तयार नव्हते.

मग मी उलट बाजूने सुरुवात केली. त्या काळी थोरल्या मुलाला आजोबांचे, म्हणजे वडिलांच्या वडिलांचे नाव ठेवण्याची रीत होती. आपल्याकडचीच रीत म्हणा ना. पूर्वजांच्या थोरल्या मुलाचे नाव डंकन होते, म्हणून त्याच शेतवाडीवर राहणारा कुणी डंकन शोधायचा, एवढे मी ठरवले आणि आडनावाचा रकाना चक्क रिकामा सोडला. पडद्यावर तीन नोंदी आल्या. १७७६ सालची एक मुलगी : बाप डंकन मॅकग्रेगर, आई फर्ग्युसन. १७७२ सालचा एक मुलगा : शेतवाडी तीच, आई तीच फर्ग्युसन, पण बाप डंकन ड्रमंड. आणि १७६९ सालची नोंद आमच्या पूर्वजांची : बाप पुन्हा डंकन ड्रमंड.

स्कॉटलंडच्या कागदपत्रांत बाईचे माहेरचे आडनाव लग्नानंतरही तसेच लिहिले जाते. या एका रिवाजावर माझा निम्मा व्यवसाय चालतो. त्या दिवशीही आईचे आडनाव जागचे हलले नाही, म्हणूनच बापाचे बदललेले लक्षात आले.

१७७२ आणि १७७६ यांच्या मध्ये १७७४ येते, आणि त्या एका सालात सगळा उलगडा आहे. मॅकग्रेगर म्हणजे ग्रेगरचा मुलगा; गेलिक भाषेतले 'ग्रिओगर' हे 'ग्रेगोरियस' या लॅटिन नावावरून आले. या कुळाच्या ग्लेनॉर्ची परिसरातील जमिनी पुढे बलाढ्य कॅम्बेल कुळाच्या ताब्यात गेल्या आणि लुटालूट, सूड यांचे चक्र सुरू झाले. फेब्रुवारी १६०३ मध्ये ग्लेन फ्रूनच्या लढाईत त्यांनी कहून घराण्याची माणसे कापून काढली. राजा सहावा जेम्स इंग्लंडचे सिंहासन स्वीकारण्यासाठी लंडनला निघण्याच्या तयारीत होता. निघण्यापूर्वी दोनच दिवस, ३ एप्रिल १६०३ रोजी, मॅकग्रेगर हे आडनावच रद्द ठरवण्यात आले. ते लावणाऱ्याला देहदंड. कुळाचा प्रमुख, ग्लेनस्ट्रेचा अलस्टर, याला पुढच्या जानेवारीत याच एडिनबरोत फासावर चढवले. १६३३ च्या कायद्याने तर डोंगराळ मुलखातल्या पाद्र्यांनी कुठल्याही मुलाला ग्रेगर हे नावही देऊ नये, असे फर्मावले. १६६१ मध्ये बंदी उठली, १६९३ मध्ये पुन्हा आली आणि कायमची उठली ती १७७४ मध्ये. मधल्या काळात या लोकांनी ग्रॅहम, मरे, स्ट्युअर्ट, कॅम्बेल, ड्रमंड अशी आजूबाजूच्या बड्या घराण्यांची आडनावे घेतली. गंमत अशी, की १५८९ मध्ये ज्या राजवनरक्षकाच्या खुनामुळे मॅकग्रेगर पहिल्यांदा मोठ्या रोषाला पात्र झाले, तो ड्रमंडच होता.

या देशात आडनाव बदलण्याची कारणे नेहमीच इतकी रक्तरंजित नसत. मराठ्यांच्या इतिहासाचा लेखक आणि साताऱ्याचा रेसिडेंट म्हणून आपल्याला ठाऊक असलेला ग्रँट डफ हा मूळचा नुसता जेम्स ग्रँट. आईकडची इस्टेट वारशाने मिळाल्यावर त्याने डफ हे आडनाव जोडले. डंकनला मात्र इस्टेट मिळालेली नव्हती, त्याला फक्त स्वतःचे आडनाव परत मिळाले होते.

शिक्षक महाशय बराच वेळ पडद्याकडे पाहत राहिले आणि मग म्हणाले, "म्हणजे आम्ही ड्रमंड?" मी म्हणालो, "नाही." नंतर त्यांनी जरा संकोचाने विचारले, की ड्रमंडची ओळ गाळून वंशावळ छापता येईल का. मी त्यालाही नकार दिला. रॉब रॉयपर्यंतचा धागा मिळाला नव्हताच. डंकनच्या मागे जाण्यासारखा पुरावा एकही नव्हता, आणि अंदाजाने जोडून देणारे लोक या धंद्यात असले तरी मी त्यांतला नाही. रॉब रॉयने स्वतः आईचे कॅम्बेल हे आडनाव लावले होते, एवढे मात्र मी त्यांना सांगितले. त्या दिवशी पहिल्यांदा ते मोकळेपणाने हसले.

दुसऱ्या दिवशी ते बाल्व्हिडरला गेले आणि तिथून रॉब रॉयच्या कबरीचे छायाचित्र पाठवले. तिच्यावर कोरले आहे, 'त्यांच्या नाकावर टिच्चून मॅकग्रेगर', अशा अर्थाचे वाक्य. खाली त्यांनी लिहिले होते, की ड्रमंडची ओळ राहू द्या, आणि जमल्यास जरा ठळक छापा. अहवालात मी १७६९ ची नोंद जशीच्या तशी उतरवली. ठळक मात्र केली नाही. मूळ वहीत ती इतर नोंदींसारखीच, साध्या अक्षरात होती.